चांदी उडाली म्हणून ट्यूब मेली?

तो मेसेज परत फिरतोय. ट्यूब अ‍ॅम्पच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) सगळ्या ट्यूब दरवर्षी एकदम बदला, काचेवरची चांदी कमी झाली की ट्यूब संपली, निळा उजेड म्हणजे आत हवा शिरली, आणि फिलामेंट झकास पेटतंय तर ट्यूब ठणठणीत. लोक हे वाचून चांगल्या ट्यूब फेकतायत म्हणून लिहायला बसलो.

आधी चांदी. तो बेरियमचा थर आहे, आत उरलेला गॅस शोषून घ्यायला असतो. तो किती मारायचा हे बनवणाऱ्यावर, त्यामुळे नव्या कोऱ्या ट्यूबवरही कमी दिसू शकतो, वापरून कडा तपकिरी होतात, होऊ देत. पण तोच थर दुधासारखा पांढरा पडला तर हवा शिरली, ती ट्यूब मात्र गेली, लावूच नका.

निळ्या उजेडाचं अर्धसत्य आहे. ईएल३४, ६एल६ सारख्या पॉवर ट्यूबमध्ये (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या मोठ्या ट्यूब) काचेच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखा निळा दिसतो आणि गाण्याबरोबर हलतो, तो प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा पत्रा) चुकवून काचेवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनचा, अगदी निरुपद्रवी (मला तर आवडतो बघायला). काचेवर नाही तर मधल्या पत्र्यांच्या फटीत जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर तो गॅस, तिथे काळजी करा.

फिलामेंटचं तर हसूच येतं. या ट्यूबमध्ये फिलामेंट, म्हणजे हीटर, फक्त शेगडी आहे हो, इलेक्ट्रॉन सोडतो तो त्याच्याभोवतीच्या कॅथोड नावाच्या नळीवरचा ऑक्साइडचा लेप, तो झिजला तरी शेगडी पेटलेलीच दिसणार!

आता दरवर्षी सगळ्या बदलायचं. १२एएक्स७ सारख्या छोट्या, सुरुवातीचा सिग्नल वाढवणाऱ्या ट्यूबमधून जेमतेम १ मिलीअँपिअरच्या आसपास करंट जातो, ती वर्षानुवर्षं चालते, झिजतात त्या पॉवर ट्यूब, आणि त्याही तासांवर, कॅलेंडरवर नाही. मीपण फसलोय एकदा, उजव्या स्पीकरमधून खरखर यायची, चारही पॉवर ट्यूब नव्या आणल्या तरी खरखर तशीच, मग अ‍ॅम्प बंद करून, गार होऊ देऊन, डाव्या-उजव्या चॅनलच्या छोट्या ट्यूबची अदलाबदल केली तर खरखर डावीकडे गेली. म्हणजे दोष एकाच छोट्या ट्यूबचा, आणि चार चांगल्या ट्यूब मी उगाच काढून बसलो होतो.

पॉवर ट्यूब थकली का हे मीटर सांगतो. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असतो, त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलीअँपिअर. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट, ४५० व्होल्टवर ३८ मिलीअँपिअर म्हणजे साधारण १७ वॅट, ठीक आहे. बायसचा (गाणं नसताना ट्यूबमधून किती करंट जाईल ते ठरवणारा) प्रीसेट टोकाला नेऊनही ठरलेला करंट येत नसेल तर ट्यूब दमली. जोडीतल्या दोघींत मोठा फरक पडला असेल तर जोडीच बदला, नवी लावल्यावर बायस परत सेट करायचा. हे मोजताना आत ४०० च्या वर व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कंडेन्सर चार्ज धरून बसतात, सवय नसेल तर मेकॅनिककडेच द्या.

आणि प्लेट लालभडक झाली तर अ‍ॅम्प लगेच बंद. पण खापर ट्यूबवरच फोडू नका, बऱ्याचदा बायस गेलेला असतो किंवा कपलिंग कंडेन्सर (मागच्या ट्यूबचा सिग्नल पुढे नेणारा) लीक असतो, तो दोष शोधल्याशिवाय नवी लावलीत तर तीही तशीच लाल होणार.