मॅकग्रेगर आणि आमचा पाच जणांचा कट्टा

सुहास मुलीकडे ग्लासगोला तीन आठवडे राहून आला आणि गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर फोटो दाखवत बसला. डोंगर, तळी, धुकं. मग एक थडगं आलं. मागे पडकं चर्च, बुटक्या कठड्याच्या आत जुन्या शिळा, त्यांवर लोकांनी ठेवलेली नाणी, आणि डोक्याशी दगडात कोरलेलं नाव.

"मॅकग्रेगर?" रफिक म्हणाला. "तो पिंजऱ्यात मारामारी करणारा?"

"तो कॉनर, डब्लिनचा. हा रॉब रॉय, स्कॉटलंडचा गाजलेला दरोडेखोर. १७३४ साली गेला. गावाचं नाव बाल्क्विडर."

रफिकनं कुठंतरी वाचलं होतं की, इंग्रजीत पूर्ण 'मॅक' लिहिलं तर माणूस स्कॉटिश आणि मधला 'ए' गाळला तर आयरिश. सुहासनं ते उडवून लावलं. लिहिणाऱ्याच्या हाताची लकब, बाकी काही नाही. अभिनेता युअन मॅकग्रेगर पक्का स्कॉटिश, पर्थचा, तरी तो 'ए' गाळूनच लिहितो. 'मॅक' म्हणजे मुलगा. ग्रेगर हे नाव मूळ ग्रीक, अर्थ जागा असलेला, सावध. आणि तिकडच्या गेलिक भाषेत मुलगी 'मॅक' लावत नाही, ती 'निक'. बाप मॅकग्रिगर, तर लेक निकग्रिगर.

"म्हणजे अर्थ काय, ग्रेगरचा पोरगा. संपलं," रफिक म्हणाला.

"संपलं कसं? या आडनावावर बंदी होती. लावलं तर फाशी."

इथून पुढं चहा थंड झाला.

सुहासनं तारखा पाठच केल्या होत्या. १६०३ च्या फेब्रुवारीत लॉख लोमंड या तळ्याजवळ ग्लेन फ्रूनच्या खोऱ्यात मॅकग्रेगर आणि कहून या दोन कुळांची लढाई झाली आणि कहूनांची माणसं मोठ्या संख्येनं कापली गेली. स्कॉटलंडचा सहावा जेम्स तेव्हा इंग्लंडच्या गादीवर बसायला निघाला होता. त्यानं एडिंबरा सोडलं ५ एप्रिलला. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिलला, त्याच्या मंत्रिमंडळानं हुकूम काढला: मॅकग्रेगर हे नाव आजपासून नाही. ज्याचं असेल त्यानं दुसरं घ्यावं, नाहीतर मरावं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. "रडकथा करू नका रे. ते दरोडेखोर होते. दुसऱ्यांची गुरं हाकून न्यायचे, माणसं मारायचे. राजानं काय आरती ओवाळायची?"

"अण्णा, पण गुरं का पळवायचे ते सांगा ना," मी म्हणालो. "ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे ही त्यांची खोरी. पिढ्यान्‌पिढ्या राहिले, पण कागद नव्हता हातात. कागद कॅम्पबेल कुळानं स्वतःच्या नावावर केले. जमीन गेल्यावर माणूस काय करणार?"

"खून? मग खुन्याला फाशी द्या म्हण, मीही म्हणतो."

"तेच तर. खुन्याला दिली असती तर मी बोललोच नसतो. यांनी पाळण्यातल्या पोरालाही सोडलं नाही. पुढं १६३३ च्या कायद्यात पाद्र्यांना बजावलं, या नावानं बारसं करायचं नाही."

अण्णांनी मान हलवली, पण माघार घेतली नाही. त्यांचा मुद्दा वेगळा आणि खरं तर वजनदार होता. त्या काळी डोंगराळ मुलखात आजच्यासारखं आडनाव नव्हतंच. माणूस बापाच्या, आजाच्या नावानं ओळखला जायचा, आपण मधे बापाचं नाव लावतो तसं. मॅकग्रेगर ही कुळाची खूण होती. मी कोणाचा, माझ्यामागे किती तलवारी, हे सांगणारी. राजाला अक्षरांचं काही पडलं नव्हतं, त्याला कुळ मोडायचं होतं.

हे मला पटलं. फक्त त्यातून अण्णा जो निष्कर्ष काढत होते, की मग नाव गेलं तर एवढं काय बिघडलं, तो पटला नाही. आणि त्याला उत्तर माझ्याआधी दिलीपनं दिलं.

दिलीप कोर्टाबाहेर टायपिंगला बसतो. प्रतिज्ञापत्रं, नावात बदल, राजपत्राचे अर्ज. दिवसभर त्याच्यासमोर माणसं 'शिंदे' आणि 'शिंदे पाटील' यांच्यातल्या फरकापायी रडकुंडीला येतात. त्यानं सुहासला एकच विचारलं, "त्या नावानं सही केलेला दस्त चालायचा का?"

"नाही. तोही त्याच कायद्यात. लेखनिकानं या नावाचा दस्त करायचाच नाही."

"मग झालं की," दिलीप म्हणाला. "अण्णा, फाशी परवडली. ती एकदाच होते. दस्त होत नसेल तर माणसाला उसनं घेता येत नाही, दिलेलं वसूल करता येत नाही, गाय विकता येत नाही. रोजच मरायचं."

म्हणून तर रॉब रॉय सही करताना कॅम्पबेल झाला. आईचं आडनाव ते, आणि ज्यांनी जमिनी घेतल्या त्यांचंही. बाकीचे कोणी मरे झाले, कोणी ग्रँट, ड्रमंड, स्ट्युअर्ट, कोणी साधे ब्लॅक किंवा व्हाइट. कोणी ग्रेगरी, ग्रेग अशी मूळ नावाची सावली धरून राहिले. गणिती जेम्स ग्रेगरी, ज्याचं नाव आपल्याकडं केरळचा जुना गणिती माधव याच्या श्रेणीला जोडून घेतात, त्याचं घराणंही स्वतःला याच कुळातलं मानायचं.

"एकशे एकाहत्तर वर्षं," सुहास म्हणाला. "१६०३ ते १७७४."

"चूक," अण्णा ताडकन म्हणाले. "दुसऱ्या चार्ल्सनं १६६१ मध्ये बंदी उठवली होती. विल्यमच्या राज्यात १६९३ ला परत आली. अठ्ठावन्न आणि एक्याऐंशी. एकशे एकोणचाळीस."

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. मग आम्ही त्यांनाच बोलतं केलं, आणि त्यांनी कुळाच्या मुख्याचं, ग्लेनस्ट्रेच्या अ‍ॅलिस्टरचं मरण सांगितलं. तो आर्गाइलच्या अर्लच्या, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराच्या, स्वाधीन झाला तो एका शब्दावर: तुला स्कॉटलंडबाहेर इंग्लंडच्या भूमीवर सुखरूप पोचवतो. अर्लनं शब्द पाळला. पहाऱ्यात त्याला सीमेपार नेलं, इंग्लंडच्या मातीवर उभं केलं, आणि त्याच पहाऱ्यात परत आणलं. २० जानेवारी १६०४ ला एडिंबऱ्यात फाशी. सांगताना अण्णांचा आवाज बदलला होता. कोणीच काही बोललं नाही.

"अजून एक कायदा होता," सुहास म्हणाला. "हत्यार बाळगायचं नाही. जेवताना मांस कापायला सुरी, तीही टोक मोडलेली. आणि चारापेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही."

मी नकळत मोजलं. अण्णा, सुहास, दिलीप, रफिक, मी. रफिकही मोजत होता.

"मग आज हे नाव किती आहे तिकडं?" त्यानं विचारलं.

पहिल्या दहांत नाही. स्कॉटलंडमध्ये वर्षानुवर्षं स्मिथ पहिला, आणि 'मॅक'वाल्यांत मॅकडोनाल्ड पुढं. पण प्रसिद्धीचं म्हणाल तर गोष्ट वेगळी. अण्णांच्या मते ती सगळी वॉल्टर स्कॉटच्या १८१७ च्या 'रॉब रॉय' कादंबरीची किमया, तिच्यामुळं दरोडेखोर नायक झाला. सुहासचं म्हणणं, कादंबरी नंतरची. कायदा उठल्यावर कुळातल्या ८२६ जणांनी मिळून आपला मुख्य ठरवला, तो कादंबरी वाचून नव्हे. ज्याला ठरवला तो जॉन मरे, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये राहिलेला. नावानं अजून मरेच.

आणि १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला, तेव्हा राजमुकुट किल्ल्यातून राजवाड्यात न्यायचा होता. पहारा कोणाचा? मॅकग्रेगरांचा. ज्या मुकुटाच्या हुकमानं नाव पुसलं, तोच मुकुट त्यांनी सांभाळून नेला. त्याच वर्षी कुळाची संस्था निघाली. ती ग्रँट, मरे, ब्लॅक अशी नावं लावणाऱ्यांनाही आपलं मानते. म्हणून हे आडनाव नुसतं मोजून कळायचं नाही. निम्मे मॅकग्रेगर दुसऱ्याच नावाखाली असतील, असं मला वाटतं.

दिवे लागले. दिलीपनं परत फोटो मागितला आणि बोटांनी मोठा केला. नावाखाली आणखी दोन शब्द होते. अक्षरं अलीकडची वाटत होती.

"डिस्पाइट देम. याचं मराठी काय करशील?" त्यानं मला विचारलं.

"त्यांनी काहीही केलं तरी. मॅकग्रेगर, तरीही."

"'तरीही' मिळमिळीत आहे," अण्णा म्हणाले. काठी घेऊन ते उठत होते. "नाकावर टिच्चून. मॅकग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून."