पेव्हर उचलते ती थंडी नव्हे, खालचं पाणी

मिनेसोटातल्या आपल्या मराठी घरमालकांत दर वसंतात एक संदेश फिरतो. यंदा तो मला चार जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: "बर्फाच्या प्रदेशात पेव्हर ब्लॉक दोन हिवाळेही टिकत नाहीत. पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक उचलून टाकतं. बसवायचेच असतील तर जमीन गोठते तिथपर्यंत, म्हणजे ४२ इंच खणा, नाहीतर खाली काँक्रीट ओता. वाळूऐवजी दगडाची भुकटी वापरा, ती घट्ट बसते. फटींत पॉलिमर वाळू भरली की पाणी आत जातच नाही. खणण्याआधी ८११ ला फोन करा."

हे वाचून एका मैत्रिणीने पॅटिओचा, म्हणजे घराबाहेर बसायच्या फरसबंद जागेचा, बेत सोडला आणि दुसरीने स्लॅबसाठी आगाऊ पैसे भरले. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी "ब्लॉक टिकत नाहीत" हे. एएसटीएम सी ९३६ या अमेरिकी मानकाप्रमाणे काँक्रीट पेव्हरची सरासरी दाबशक्ती निदान ८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) लागते, म्हणजे अंगणातल्या नेहमीच्या काँक्रीटच्या साधारण दुप्पट. त्याने सरासरी ५ टक्क्यांहून जास्त पाणी शोषता कामा नये, अशीही अट आहे. मानकाप्रमाणे केलेला ब्लॉक सहसा धड राहतो. बिघडतो तो पाया.

आता ९ टक्क्यांचं. पाणी गोठताना तेवढं फुगतं हे अगदी खरं, पण जमीन उचलली जाते ती मुख्यतः त्यामुळे नाही. स्टीफन टेबर या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १९२९ आणि १९३० मध्ये हे प्रयोगांनी दाखवून दिलं. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातलं. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं. तरीही माती वर आली! कारण जिथे गोठण चालू असते तिथे खालचं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर ओढलं जातं आणि थरावर थर गोठत राहतं. मातीत असतं तेवढंच पाणी फुगून थांबलं असतं तर उंचवटा किरकोळ राहिला असता. इथे पाण्याची भर सतत पडत असते.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या दारापुढची पहिली पायवाट एका ठेकेदाराने काळ्या मातीवर जेमतेम दोन इंच खडी टाकून बसवली होती. तिसऱ्या हिवाळ्याअखेर, मार्चमध्ये, बाहेरचं दार चार बोटांपुढे उघडेना, खालची कड ब्लॉकला अडत होती. पहारीने तिथले ब्लॉक काढले आणि मातीचं एक ढेकूळ फोडलं. आत बर्फाचे स्वच्छ, पातळ पापुद्रे होते. चिरोटा मधून मोडल्यावर दिसतात तसे, एकाखाली एक, मध्ये माती. छपराच्या पन्हळीचा पाइप नेमका तिथेच रिकामा होत होता. त्याच पायवाटेचं दुसरं टोक उतारावर आहे, तिथला एक ब्लॉकही हलला नव्हता. थंडी दोन्हीकडे सारखीच होती.

उचल व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: थंडी, पाणी आणि पाणी ओढणारी बारीक माती. त्यात गाळमाती सगळ्यात वाईट. थंडी आपल्या हातात नाही, बाकीच्या दोन आहेत. शिवाय वसंतात बर्फ वरून आधी वितळतो, खालचा थर अजून गोठलेलाच असतो. पाण्याला खाली वाट नसते, वरच्या मातीचा चिखल होतो आणि उचललेले ब्लॉक वेडेवाकडे खचतात.

म्हणूनच ४२ इंचांचा हिशोबही चुकतो. तो आकडा मिनेसोटाच्या दक्षिण भागातल्या घराच्या पायासाठी आहे, उत्तरेकडे तो ६० इंच होतो. पायावर भिंत उभी असते, ती जरा हलली तर घराला तडे जातात. पॅटिओ घराला जोडलेला नसतो, तो सगळा मिळून किंचित वर आला आणि परत बसला तर काही बिघडत नाही. एक भाग वर आणि दुसरा खाली झाला की बिघडतं. १२ बाय १५ फुटांच्या पॅटिओला ४२ इंच खणायचं तर २३ घनयार्ड माती निघेल. ती टाकणार कुठे?

खणायचं ते माती पाहून. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीवर पॅटिओला ४ ते ६ इंच खडीचा थर पुरतो. इथल्यासारख्या थंडीत आणि गाळाच्या किंवा चिकण मातीत त्यात आणखी २ ते ४ इंच घाला. मातीवर आधी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरा, नाहीतर वसंतातल्या चिखलात खडी खाली जाते आणि माती वर येते. खडी एकदम ओतू नका, तीन-चार इंचांचा थर टाकून प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट तळाच्या धुमसायच्या यंत्राने) धुम्मस करा, मग पुढचा थर. आणि खडी ब्लॉकच्या कडेबाहेर निदान सहा इंच जाऊ द्या, कडेची पट्टी त्या खडीतच खिळवायची असते. घाईचा ठेकेदार इथेच हात आखडता घेतो.

खडीवर एक इंच जाड थर धुतलेल्या भरड वाळूचा, काँक्रीटमध्ये घालतात तिचा. दगडाची भुकटी नको. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रशरच्या कचीवर, म्हणजे दगडाच्या भुकटीवर, बसवलेले ब्लॉक आपण पाहिलेत, पण तिथली जमीन गोठत नाही. इथे तीच बारीक भुकटी पाणी धरून बसते.

खाली स्लॅब ओतल्याने उचल थांबत नाही, कारण स्लॅबही त्याच मातीवर बसतो आणि तडकतो. वाळूत उतरलेलं पाणी मात्र स्लॅबवर अडकतं, गोठतं आणि ब्लॉक हलवतं. जुना पण धड स्लॅब आधीच असेल तर सखल जागी निचऱ्याची भोकं पाडून त्यावर ब्लॉक बसवता येतात. मुद्दाम नवा ओतू नये. खडीवरचा ब्लॉक खचला तर तेवढाच काढून, खालचं भरण नीट करून दुपारभरात परत बसवता येतो. स्लॅब फोडावाच लागतो.

पॉलिमर वाळूने, म्हणजे पाणी मारल्यावर घट्ट होणाऱ्या वाळूने, तण आणि मुंग्या कमी होतात, पाणी आत जायचं थांबत नाही. पाण्यासाठी ढाळच हवा, घरापासून लांब, दर फुटाला पाव इंच. आणि पन्हळीचा पाइप पॅटिओच्या पलीकडे न्यायचा. आमची पायवाट दहा इंच खडीवर पुन्हा बसवली तेव्हा पाइप मी आधी हलवला.

८११ चं मात्र खरं आहे. फोन फुकट असतो, काही दिवस आधी करावा लागतो. मग माणसं येऊन गॅसची आणि विजेची लाइन जमिनीवर रंगाने आखून देतात. संदेशातली ही ओळ तेवढी पुढे पाठवा.