"अक्कल नव्हती का?"

पैशाच्या व्यवहारात कुणी फसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अक्कल नव्हती का?" मला या प्रश्नाचा मनापासून राग येतो.

आधी माझंच सांगते. दोन कंपन्यांचे शेअर होते, एक वर गेलेला, एक पडलेला. पैशांची गरज लागली म्हणून पडलेला विकायला ॲप उघडलं. लाल आकडा दिसला, अंगठा बटणापर्यंत गेला आणि मागे आला. शेवटी चांगला चाललेलाच विकला. विकलं की तोटा पक्का होणार, एवढंच डोक्यात होतं. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अर्थतज्ज्ञांनी १९८५ साली नेमक्या याच सवयीवर लिहिलंय. तिचं मूळ कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं: पैसे मिळाल्याचा आनंद जेवढा, त्यापेक्षा तेवढेच गमावल्याचं दुःख मोठं. १९९२ मध्ये त्यांनी अंदाज काढला, साधारण सव्वादोन पट. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी अंगठा मागे आलाच.

पण मनाचा कल ही अर्धीच गोष्ट. माहिती कुणाच्या हातात आहे, हे त्याहून महत्त्वाचं. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या गाड्यांचं उदाहरण घेतलं. इंजिनात काय बिघाड आहे ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना बेताची किंमत देतो. मग ज्याची गाडी खरंच चांगली आहे तो ती विकायलाच काढत नाही, आणि बाजारात खटारे उरतात. म्हणजे माहिती दडवल्याचा फटका प्रामाणिक विकणाऱ्यालाही बसतो.

मागे एका मैत्रिणीबरोबर कर्जाच्या कागदांवर सह्या करायला गेले होते. पुढे कागदांचा गठ्ठा, प्रत्येक पानावर पेन्सिलची फुली, "इथे सही, इथे सही". व्याज "फ्लॅट १० टक्के". तिने हप्ता परवडतोय का ते पाहिलं आणि सह्या केल्या. एका वर्षाच्या मासिक हप्त्यांच्या कर्जात फ्लॅट १० टक्के म्हणजे घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर, जवळपास १८ टक्के. कारण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर धरलेलं असतं. १८ हा आकडा त्या गठ्ठ्यात मला कुठेच सापडला नाही. मैत्रीण हुशार आहे. तिला फक्त तो आकडा कुणी दाखवला नाही.

आणि हातात पैसा नसला की विचार करायची ताकदही कमी पडते. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी कापणीआधी ओढाताणीत असताना बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडायचा, कापणीनंतर पैसे आले की सुधारायचा. माणूस तोच, डोकं तेच! अडचणीतल्या माणसाला अक्कल शिकवणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन तर १९५० च्या दशकापासून सांगत होते, की माणसाकडे वेळ, माहिती आणि हिशेब करायची कुवत मोजकीच असते. तो सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, भागेल असा निवडतो. १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरीही करार असे लिहिले जातात, जणू सही करणारा प्रत्येक ओळ वाचून, गणित मांडून बसलाय.

माझी मागणी छोटी आहे. कर्जाच्या पहिल्याच पानावर, सहीच्या वर, मोठ्या अक्षरांत दोन आकडे हवेत: घटत्या शिल्लकीवरचा दर आणि शेवटी एकूण किती भरावे लागणार. आणि ते सही करणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.