डोंगर जांभळाच होता

आज सकाळी एका शाळेच्या ग्रुपवर चौथीच्या ‘निसर्गचित्रां’चे फोटो आले. वर्गभर मुलं, पण चित्र एकच. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, वळणाची नदी, काठाला झोपडी, एक नारळ, वर चार पक्षी. एका मुलीने तेवढा डोंगर जांभळा केला होता. त्यावर लाल पेनाने फुली, शेजारी लिहिलंय ‘हिरवा हवा’. मुलाच्या चित्रावर पेन चालवायचा अधिकार कुणी दिला?

पावसाळ्यात संध्याकाळी एसटीच्या खिडकीतून सह्याद्री बघा. पुढचा डोंगर हिरवा, मागचा निळसर, त्याच्याही मागचा जांभळट. मध्ये हवा असते म्हणून. फोटो मोठा करून पाहिला. तिने रंग कागदावरच मिसळलाय, एका कडेला निळा जास्त, दुसऱ्या कडेला लाल. लाल म्हणून शेंदरी उचलला असता तर मातकट तपकिरी झाला असता, कारण शेंदरीत पिवळा असतो आणि तिन्ही मूळ रंग भेटले की चिखल होतो. तिने क्रिमसन (किरमिजी लाल) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) घेतले. नऊ वर्षांच्या मुलीने हे शोधलं आणि बक्षीस काय, तर फुली!

मुळात फळ्यावर नमुना काढूच नका. काढला की वर्ग तोच उतरवणार, मग तोंडाने कितीही म्हणा ‘मनाने काढा’. तंत्र दाखवायचं असेल तर रद्दी कागदावर दाखवा आणि कागद उचलून ठेवा. विषयही ‘निसर्ग’ असा मोघम नको. ‘मधल्या सुट्टीत नळावरची गर्दी’ द्या. पाच मिनिटं डोळे मिटायला सांगा आणि विचारा: तू रांगेत कुठे आहेस? पुढच्याची पाठ दिसते की तोंड? पाणी कुठे सांडलंय? डोळे उघडल्यावर ‘मला येत नाही’ म्हणणारं पोरही कामाला लागतं.

खोडरबर गोळा करून ठेवा. रबर हातात असलं की अर्धा तास एका नाकात जातो. थेट ब्रशने सुरुवात, आणि ब्रश चपटा, आठ-दहा नंबरचा. दोन नंबरच्या बारीक ब्रशने मोठा कागद भरतच नाही, मुलं कंटाळतात. कागद जाडसर, दीडशे जीएसएमच्या आसपासचा हवा. वहीचं पान रंगाचा दुसरा हात दिला की भिजून फाटतं आणि मूल समजतं आपलंच चुकलं. पोस्टर कलर ताकाइतका पातळ करा. जाड थापला तर वाळल्यावर तडकतो. खालचा थर ओला असताना वरचा दिला की खालचा उचलून येतो. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ, आणि एक फडकं. हिरवा करताना पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालायचा. उलट केलं तर अर्धी बाटली पिवळा संपतो. काळी बाटली पहिले काही तास कपाटात असू द्या, म्हणजे गडद करायला मुलं दुसरा रस्ता शोधतात.

तासिका मात्र जोडून हव्यात. चाळीस मिनिटांत वाटप आणि आवराआवरच होते.

मान्य, हात बसायला वस्तुचित्र, भूमिती, अक्षरलेखन लागतं आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना तेच विचारतात. पण त्या परीक्षांमध्येही स्मरणचित्र आहेच ना? ज्याला वर्षानुवर्षं झोपडीच उतरवायला लावली, तो तिथे आठवून काय काढणार?

शिक्षकांवर सगळं ढकलणं बरोबर नाही, हेही लिहिताना जाणवतंय. कित्येक शाळांत कलाशिक्षकच नाही. जो आहे त्याच्याकडे बदलीचे तास, स्नेहसंमेलनाचा पडदा, दारातली रांगोळी, फलकलेखन. अशा माणसाला दोन गोड शब्द तरी मिळतात का? आणि आपण पालक काय करतो? घरी आलेल्या चित्रावर पहिला प्रश्न, ‘हे काय काढलंयस?’ त्याऐवजी ‘याच्याबद्दल सांग ना’ म्हणा आणि गप्प बसा. जांभळ्या डोंगराबद्दल त्या मुलीला कुणी एवढं विचारलं असतं, तर तिने काहीतरी नक्की सांगितलं असतं.

मुलांना मनाने काढू देणं हे काही परदेशी खूळ नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि नई तालीमच्या, म्हणजे हाताने काम करत शिकायच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीतल्या मुलांना चित्रकला शिकवू लागले. सेवाग्राम आपल्या वर्ध्यातच आहे!

प्रदर्शन लावताना नंबर काढू नका. सगळी चित्रं लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि खाली मुलाने सांगितलेलं एक वाक्य त्याच्याच शब्दांत. रंगांना पैसे नाहीत म्हणणाऱ्या शाळांसाठी घरगुती रंग: दोन चमचे गेरूची पूड, एक चमचा पांढरा गोंद, दोन चमचे पाणी. गोंद टाळू नका, नाहीतर वाळल्यावर रंग बोटाला लागतो. गेरू आधी गाळून घ्या, खडे राहिले तर ब्रशचे केस तुटतात.