कमी वॉटचा स्पीकर म्हणजे कमी आवाज नव्हे

घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: फ्लॅटमध्ये हळू वाजवायचं असेल तर दहा-पंधरा वॉटचा स्पीकर लावा, कारण वॉट कमी तर आवाज कमी. शिवाय असा स्पीकर लवकर ‘ब्रेकअप’ होतो, म्हणजे ताणात येऊन किंचित खरखरू लागतो, म्हणून हळू आवाजातही स्टेजवरच्यासारखा टोन मिळतो. अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवून स्पीकरला देणारं यंत्र, पाच वॉटचा ट्यूबवाला (काचेच्या व्हॅक्युम ट्यूबवर चालणारा) घ्या. बारा इंची स्पीकर घरात वाया जातो, आठ इंच पुरे. आणि तेवढं बजेट नसेल तर गिटारचा इफेक्ट प्रोसेसर सरळ ब्लूटूथ स्पीकरला जोडा. यातली एखादी गोष्ट अर्धी खरी आहे, बाकीच्या चुकीच्या आहेत, आणि एक तर चांगला अँप निकामी करू शकते. नव्याने शिकणारी मुलं यावर विश्वास ठेवून साठवलेले पैसे खर्च करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वॉटपासून सुरुवात करू. स्पीकरवर छापलेले वॉट ही त्याची सहनशक्ती. त्यापेक्षा जास्त वीज दिली तर तो जळेल, एवढंच तो आकडा सांगतो. किती जोरात वाजेल ते सांगणारा आकडा वेगळा, सेन्सिटिव्हिटीचा: एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात. उदाहरणाला सेलेशन या कंपनीचे गिटार स्पीकर घ्या. अल्निको ब्लू १५ वॉटचा, सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल. व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा, तोही १०० डेसिबल. २५ वॉटचा ग्रीनबॅक ९८, आणि ६५ वॉटचा जी१२एम क्रीमबॅक ९७. म्हणजे एकाच अँपवर, नॉब न हलवता, ६५ वॉटवाला स्पीकर १५ वॉटवाल्यापेक्षा हळू वाजेल. सल्ल्याच्या नेमकं उलट. तेही फरक फक्त तीन डेसिबलचा, कानाला जाणवेल न जाणवेल असा.

आता ब्रेकअप. इथे थोडं गणित करावं लागेल, पण सोपं आहे. रात्री घरात चालेल असा आवाज म्हणजे स्पीकरपासून एक मीटरवर साधारण ७० डेसिबल, गप्पांच्या आवाजाच्या थोडा वर. डेसिबल दहाने खाली आणायचे तर वीज दहापट कमी करावी लागते. म्हणजे १०० डेसिबलच्या स्पीकरमधून ७० डेसिबल काढायला लागतो एका वॉटचा हजारावा भाग. १५ वॉट सोसणाऱ्या स्पीकरला त्याच्या क्षमतेचा पंधरा हजारावा हिस्सा दिला, तर त्याचा कोन, म्हणजे हलणारा कागदी पडदा, कशाला ताणात येईल? स्पीकर दबून, किंचित खरखरत बोलतो ते त्याच्या मर्यादेच्या जवळपास गेल्यावर, आणि तिथवर जाईपर्यंत सोसायटीतले सगळे दारात उभे असतील. वरच्या स्वरांना कोनचा पृष्ठभाग एकसंध न हलता तुकड्यातुकड्यांनी थरथरतो हे खरं, प्रत्येक स्पीकरचा स्वभाव बराचसा त्यातूनच येतो. पण ते हळू आवाजातही घडतं आणि छापील वॉटवर अवलंबून नसतं.

याच मुद्द्यात धोकाही आहे. हा सल्ला ऐकून कोणी ४० वॉटच्या ट्यूब अँपमधला स्पीकर काढून १५ वॉटचा बसवला, तर हळू वाजवेपर्यंत काही होत नाही. एखाद्या दिवशी कोणीतरी नॉब फिरवतो, स्पीकरमधली व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) जळते, तार तुटते आणि ट्यूब अँप स्पीकरविना चालू राहतो. ट्यूब अँपला पुढे लोड, म्हणजे जोडलेला स्पीकर, नसेल तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो बदलणं खर्चिक पडतं. स्पीकरचे वॉट अँपच्या वॉटपेक्षा वरच ठेवा, घरी वाजवा की मैदानात. स्पीकरचे ओहमही (विजेला होणारा अडथळा) अँपवर लिहिल्याप्रमाणे जुळवा.

पाच वॉटचा ट्यूब अँप घरासाठी, हेही असंच. पाच वॉट आणि १०० डेसिबलचा स्पीकर म्हणजे एक मीटरवर १०७ डेसिबल. ५० वॉटच्या अँपपेक्षा हा फक्त १० डेसिबलने कमी, म्हणजे कानाला साधारण निम्मा. ढोल-ताशाच्या निम्मा आवाजही बेडरूमला झेपत नाही. मुद्दाम कमी कार्यक्षम बनवलेले स्पीकर मिळतात: सेलेशनचा पीसकीपर ९१ डेसिबलचा आहे, एमिनन्स कंपनीच्या रेनमेकरला मागे नॉब आहे आणि तो फिरवून नऊएक डेसिबल उतरवता येतात. चांगल्या वस्तू आहेत, ड्रमरसोबत तालमीला खरंच उपयोगी. पण ९१ डेसिबलचा स्पीकरही पाच वॉटला ९८ डेसिबल देतो. रात्री अकराला पॉवर ट्यूब, म्हणजे अँपच्या शेवटच्या टप्प्यातल्या ट्यूब, पिळून वाजवण्याचा हट्ट सोडावा लागतो. डिस्टॉर्शन, म्हणजे ती खरखर, पेडलमधून किंवा प्रीअँपमधून (अँपच्या पहिल्या टप्प्यातून) घ्या आणि मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली ठेवा, किंवा अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये चांगला अटेन्युएटर, म्हणजे वीज वाटेतच जिरवणारा डबा, लावा.

मग हळू वाजवताना टोन पातळ, निर्जीव का वाटतो? दोष बऱ्याच अंशी स्पीकरचा नसून कानाचा आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज लहान होत गेला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा झपाट्याने कमी ऐकू येतो, अगदी वरची टोकंही मंदावतात. मधला पट्टा तेवढा पुढे राहतो. स्पीकर बदलून हे बदलत नाही. त्यातच पिक तारेवर टेकल्याची टकटक थेट गिटारवरून कानात येते आणि अँपच्या आवाजात मिसळते.

यावर सगळे पहिल्यांदा बासचा नॉब चढवतात. फ्लॅटमध्ये तेच करू नये, कारण स्लॅबमधून आणि भिंतीतून खालच्या घरात पोचतो तो खर्जच. निवासी भागात परिसरातल्या आवाजासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, आणि नियम नसता तरी खाली कोणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं. त्यापेक्षा अँप फरशीवरून उचला. खुर्चीवर किंवा स्टँडवर ठेवा, खाली जाड रबर घाला, तोंड कानाकडे वळवा आणि जवळ बसा. एक मीटरऐवजी अर्ध्या मीटरवर बसलात की तुम्हाला सुमारे सहा डेसिबल जास्त मिळतात, शेजाऱ्याला मात्र पूर्वीइतकेच. बारा इंची स्पीकर वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे समोर फेकतो. फरशीवरचा अँप गुडघ्यांना ट्रेबल ऐकवतो आणि कानाला गढूळ काहीतरी. वाजवताना डोकं वीतभर बाजूला नेऊन पाहा, टोन बदललेला लगेच कळेल.

आठ इंचाचा मुद्दा अर्धा खरा. लहान स्पीकर बहुधा कमी सेन्सिटिव्ह असतात, झोत रुंद असतो, जवळ बसणाऱ्याला सोयीचे पडतात. यामाहाच्या टीएचआर१० या टेबलावर ठेवायच्या छोट्या अँपमध्ये तर दोनच आठ सेंटिमीटरचे स्पीकर आहेत, आणि टेबलावर ते सुरेख वाजतात. पण बहुतेक आठ इंची स्पीकर डबीएवढ्या कॅबिनेटमध्ये येतात आणि डबीसारखेच बोलतात. त्याचं कारण खोकं. जागा असेल तर बारा इंची एक स्पीकर, मागून उघडं कॅबिनेट, हळू आवाजातही भरीव वाटतो.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. गिटारचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, त्यामुळे डिस्टॉर्शनची कर्कश धार आपोआप कापली जाते. गाणी ऐकायचा स्पीकर ती जशीच्या तशी ऐकवतो आणि आवाज माशी घोंघावल्यासारखा होतो. प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची आणि खोक्याची नक्कल) चालू करा, मग स्टुडिओ मॉनिटर किंवा हेडफोन उत्तम. मात्र वायरने जोडा. ब्लूटूथचा उशीर बऱ्याचदा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो, आणि एवढ्या उशिराने आलेल्या स्वरावर ताल धरता येत नाही.

स्पीकर घ्यायला जाल तेव्हा दुकानात जोरात वाजवून निवडू नका. शेजारी उभ्या मित्राशी आवाज न चढवता बोलता येईल इतका मास्टर खाली आणा आणि मग ऐका. व्हिंटेज ३० चा वरच्या मध्य पट्ट्यातला उठाव बँडमध्ये गिटारला पुढे आणतो, पण एवढ्या आवाजात तोच टोचू शकतो. ग्रीनबॅक तिथे मऊ आहे. घरी ज्या गिटारवर रोज वाजवता तीच सोबत न्या.