आधी पट्टा, मग छटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण नुसती तिखट नाही, त्यात मुद्दा आहे. म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितो.

ज्यांनी मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आंध्रातल्या गुत्ती शेडचं (इंजिनं ठेवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या ठिकाणाचं) नाव मिरवणाऱ्या डब्ल्यूडीजी-३ए या मालवाहू डिझेल इंजिनाच्या एचओ मापातल्या (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या) मॉडेलचं मी परीक्षण केलं होतं आणि रंगसंगतीला दहापैकी सहा गुण दिले होते. त्यावर तुमचे आक्षेप तीन. मडगावच्या फलाटावर भर पावसात तुम्ही याच जातीचं इंजिन पाहिलंत, त्याचा हिरवा कितीतरी गडद होता, आणि मी मात्र मॉडेलचा फिकट हिरवा 'चालेल' म्हणून सोडून दिला. उलट इंजिनाच्या अंगावरून जाणारा फिकट पट्टा कॅबवर, म्हणजे चालकाच्या खोलीवर, जेमतेम मिलिमीटरभर खाली आला तर तीन गुण कापले, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि असं भिंग घेऊन बसल्यामुळे या छंदात नव्याने येणारी पोरं पळून जातात.

छटेकडे मी मुद्दामच सगळ्यात शेवटी बघतो. का, ते तुमच्याच वाक्यात आहे: 'भर पावसात'. इंजिनावरचा एनॅमल उन्हात काही वर्षं काढतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी धरते. त्या खरखरीत थरावर उजेड विखुरतो आणि रंग पांढुरका, मेलेला दिसतो. पाऊस पडला की पाणी त्या खाचाखोचांत बसतं, विखुरणं कमी होतं आणि तोच हिरवा एकदम खोल, जवळजवळ नव्यासारखा दिसायला लागतो. तुम्ही पाहिलेला गडद हिरवा खोटा नव्हता, पण तो ओल्या इंजिनाचा होता. एप्रिलमध्ये तेच इंजिन बघा. जांभ्याची तांबडी धूळ बसलेली, खालच्या बाजूला ब्रेक ब्लॉकचा लोखंडी चुरा, वर हुडावर, म्हणजे यंत्रावरच्या लांब झाकणावर, आतल्या आल्को जातीच्या डिझेल यंत्राची काजळी. हिरव्यावर तांबडं चढलं की शेवाळी-तपकिरी असं काहीतरी होतं, त्याला धड नावही देता येत नाही. मग मॉडेल कुठल्या हिरव्याशी ताडून बघायचं?

यावर कोणी म्हणेल की रंगाला प्रमाण असतंच की. असतं. आपल्याकडे तयार रंग आणि एनॅमलसाठी आयएस ५ हे मानक आहे, त्यात छटांना क्रमांक आहेत. सिग्नल रेड ५३७, गोल्डन यलो ३५६ वगैरे. पण तो क्रमांक डब्यातल्या ताज्या रंगाचा. इंजिन शेडबाहेर पडलं की ऊन, मीठ आणि धूर त्या क्रमांकाला विचारत नाहीत.

शिवाय उजेड. दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो, ढगाळ दिवशी दहा हजारांच्या आसपास, आणि आपल्या दिवाणखान्यात फार तर तीनेकशे. इतक्या कमी उजेडात कुठलाही रंग जास्त काळपट आणि मंद दिसतो. शेडमधला अस्सल रंग आणून मॉडेलला फासलात तरी कपाटात ते इंजिन खऱ्यापेक्षा गडद वाटेल. म्हणून चांगले मॉडेल बनवणारे रंग किंचित उजळ ठेवतात. या मॉडेलचा हिरवा फिकट आहे हे मला दिसलं होतं. दिसलं म्हणूनच 'चालेल' लिहिलं. खिडकीशी नेऊन बघितल्यावर तो खटकत नाही. निळसर पांढऱ्या एलईडीखाली बघून दुकानात नाक मुरडू नका, एवढंच म्हणेन.

आता पट्टा. तो कुठून जातो हे पावसाने बदलत नाही, उन्हाने नाही आणि बल्बनेही नाही. हुडाच्या दारांच्या कडीच्या वर आहे की खाली, जाळीला कापतो की टाळतो, कॅबच्या खिडकीपासून किती अंतरावर आहे, हे सगळं फोटोवरून मोजता येतं आणि दोन माणसांनी मोजलं तर एकच उत्तर येतं. एचओ म्हणजे १:८७. तुमचा 'जेमतेम मिलिमीटर' खऱ्या इंजिनावर ८७ मिलिमीटर होतो, म्हणजे चांगली चार बोटं. हुडावरचा फिकट पट्टा कॅबपाशी येऊन चार बोटं खाली घसरला तर फलाटावरचा पोरगासुद्धा बोट दाखवेल.

हे असं का होतं तेही सांगतो. खऱ्या इंजिनावर शेवटचा रंग चढतो तो सांगाडा पूर्ण जोडून झाल्यावर, त्यामुळे रेघ सलग जाते. मॉडेलच्या कारखान्यात कॅब वेगळी, हुड वेगळं, आणि प्रत्येक भागावर सिलिकॉनच्या मऊ ठोकळ्याने शाई उमटवतात. हा ठोकळा दाराच्या उंचवट्यावर दबला की कड फाटते, आणि नंतर भाग जोडताना थोडं इकडेतिकडे झालं की पट्टा तुटतो. किमतीच्या मानाने हे टाळता येण्यासारखं होतं. तीन गुण त्याचे.

इथे एक पेच आहे, तो तुम्ही काढला नाहीत, पण काढायला हवा होता. खऱ्या इंजिनांवरही शेडचे रंगारी हाताने काम करतात. एकाच शेडची दोन इंजिनं शेजारी उभी केली तर अक्षरांची जाडी, पट्ट्याचं टोक, काहीही वेगळं निघू शकतं. मग घसरलेला पट्टा मॉडेलची चूक की मूळ इंजिनाचीच खोड? म्हणून मी जातीशी तुलना करत नाही, क्रमांकाशी करतो. मॉडेलवर जो पाच अंकी क्रमांक छापलाय त्याच इंजिनाचे, शक्यतो त्याच काळातले फोटो. खऱ्यावर पट्टा तुटलेला असेल तर मॉडेलवरही तुटलेलाच हवा, आणि मग मी पूर्ण गुण देईन. मला मिळालेल्या फोटोंत तो सलग आहे.

काळाचं महत्त्व इथेच येतं. ही इंजिनं १९९५ पासून बनायला लागली तेव्हा त्यांचं नाव डब्ल्यूडीजी-२ होतं. पुढे ताकदीवरून नावं ठरली: ३ म्हणजे तीन हजार, ए म्हणजे वर शंभर, एकूण ३१०० अश्वशक्ती. जुन्या काळातलं रूप दाखवायचं आणि अंगावर ३ए लिहायचं, हे जुळत नाही. आपल्याकडे तर कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्यामुळे डिझेल इंजिनं कमी झाली, आणि आता गोव्यात थिवीला किंवा करमळीला उभं राहून खात्री करून घेण्याची सोय कमी होत चाललीय आणि सगळी भिस्त जुन्या फोटोंवर आहे. फोटोवर तारीख नसेल तर तो निम्म्याच कामाचा.

देवनागरीबद्दल कोणीच काही बोललं नाही याचं मला नवल वाटलं. मॉडेलवर 'गुत्ती'मधलं जोडाक्षर मोडून पाय मोडका त आणि शेजारी ती असं छापलंय. रंगारी कितीही घाईत असला तरी असं लिहिणार नाही. हे संगणकातल्या फॉन्टचं काम. उरलेला एक गुण तिथे गेला.

बारकाव्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर तुमचा फारसा वाद नाही. बोग्या (डबे नव्हेत, इंजिनाखालचे चाकांचे सांगाडे) बरोबर आहेत, आणि ही मोठी गोष्ट आहे. डब्ल्यूडीएम-२ या जुन्या इंजिनाची बोगी, जिच्यात तीन आस सारख्या अंतरावर नसतात, तीच उचलून याच्याखाली घालायचा मोह निर्मात्यांना होतो. इथे हाय-अ‍ॅडहिजन, म्हणजे रुळावर जास्त पकड देणारी, बोगीच दिली आहे. हँडरेल, म्हणजे धरायचे कठडे, जाड आहेत. अर्ध्या मिलिमीटरची तार म्हणजे खऱ्यावर जवळपास साडेचार सेंटिमीटरची नळी होते, आणि इथली तार त्याहून जाड आहे. पुढच्या ब्रेकच्या नळ्या सरसकट काळ्या आहेत. खऱ्यावर ब्रेक पाइपची ओळख हिरवी आणि फीड पाइपची पांढरी. बारीक ब्रश आणि दहा मिनिटं, तुम्हीच करून टाका.

रुळांच्या अंतराला मी गुण कापत नाही. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याचे एचओ मापात सव्वाएकोणीस होतात, आणि मॉडेल धावतं साडेसोळाच्या रुळावर. समोरून बघितलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात खरी. पण बाजारात रूळ तेच मिळतात, त्यामुळे ही तडजोड विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. तुटलेला पट्टा तसा ठाऊक नसतो, तो खोका उघडल्यावर कळतो.

राहता राहिला पोरं पळून जाण्याचा प्रश्न. पोरं किमतीने पळतात हो, परीक्षणाने नाही. उलट महिनोन् महिने पैसे साठवून एकच इंजिन घेणाऱ्या मुलाला पट्टा कुठे चुकलाय हे आधी कळलं तर तो दुसऱ्या क्रमांकाचं मॉडेल मागू शकतो. आणि मॉडेल धावतं छान, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही बहुतेक गुणांच्या तक्त्यावरून थेट खाली उतरलात.

तुमचा मडगावचा फोटो असेल तर जरूर पाठवा, इंजिनाचा क्रमांक आणि साल यांच्यासकट. माझ्याकडे या मॉडेलच्या क्रमांकाच्या फक्त उजव्या बाजूचे फोटो आहेत. तुमचं इंजिन तेच निघालं आणि डाव्या बाजूला पट्टा खरंच खाली घसरलेला असला, तर त्या बाजूचे गुण परत देऊन लेखात तशी नोंद करीन.