दोन तासांत गाडी खाली

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात परत तेच सुरू झालं. नवले पुलाच्या उतारावरच्या कुठल्यातरी अपघाताचा व्हिडिओ आला, खाली चारपाच हात जोडलेले, आणि मग आमच्या दाजींचं भाषण. दाजी पुण्यात आयटीत, ट्रकशी संबंध एवढाच की हिंजवडीला जाताना पुढं एखादा रखडत असतो. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेत बघा, ट्रकमध्ये यंत्र असतं, ड्रायव्हरचे तास संपले की गाडी चालवता येत नाही, आणि कस्टमरकडं गाडी दोन तासांत खाली होते, आमच्या घरचाच माणूस तिथं आहे (म्हणजे मी), विचारा त्याला. आपल्याकडं हे का होत नाही, कारण आपल्याला शिस्तच नाही वगैरे.

त्यावर मिरजेचा आतेभाऊ, ज्याच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, त्याने एकच ओळ टाकली: "भिवंडीला गोडाऊनच्या गेटवर दोन दिवस उभा राहतोय माझा ड्रायव्हर, तिथं काय मोजणार तुमचं यंत्र?"

मला राग दोघांचा आला. दाजींचा जास्त.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडं कायदा नाही हे खरं नाही. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा कायदा 1961 पासून होता, दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, नोव्हेंबर 2025 ला तो नव्या कामगार संहितेत गेला. आतेभाऊ लगेच म्हणाला आमच्याकडं पाच कामगार नाहीत म्हणून तो लागू नाही, पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 91 कलम तेच तास मालवाहू गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना लावतं, हे त्याला मीच सांगितलं, इथं बसून. (बाहेर गेलं की माणसाला देशाचे कायदे पाठ होतात, तिथं असताना मी लायसन्स एजंटकडून काढलेलं.) गडकरी 2021 साली म्हणाले होते की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरवा. आता ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीय, चांगलंच आहे, आमच्या वडिलांनी, आण्णांनी, सत्तावीस वर्षं इंजिनाच्या उकाड्यात मिरज-वाशी केलं, हळद, गूळ, द्राक्षं. पण गेटवर उभ्या असलेल्या गाडीत एसी लावायला डिझेल कोण देणार ते कोणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट, हे इथलं यंत्र. दाजींना वाटतं ते म्हणजे चमत्कार. डिसेंबर 2017 पासून सक्तीचं आहे, इंजिनला जोडलेलं, गाडी हलली की आपोआप ड्रायव्हिंगवर जातं. त्याआधी कागदी लॉगबुक होती आणि त्यात काय लिहिलं जायचं ते जुने ड्रायव्हर हसत हसत सांगतात. नियम असा की 10 तास सुट्टी घेतल्यावर 11 तास चालवता येतं, पण ते 11 तास ड्युटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आतच. मेख या 14 मध्ये आहे. सकाळी साडेसहाला ड्युटी सुरू केली की रात्री साडेआठला दार बंद, मग तुम्ही दिवसभरात फक्त सहाच तास स्टिअरिंगवर का असेनात. जेवलात, डुलकी काढली, कस्टमरच्या यार्डात बसलात, ते घड्याळ थांबत नाही. 2020 ला थोडी सवलत दिली, 10 तासांची विश्रांती सात-तीन अशी तोडून घेता येते आणि नीट जुळवली तर ते तास 14 मध्ये धरत नाहीत, पण त्यासाठी डॉक, म्हणजे माल उतरवायचं दार, कधी मिळणार ते आधी माहीत पाहिजे. ते कोणालाच माहीत नसतं. मलासुद्धा नसतं, आणि मी डॉक देणारा माणूस आहे.

हो, ते सांगायचं राहिलं. मी शिकागोच्या खाली जोलिएटला एका वेअरहाऊसमध्ये रिसीव्हिंग सुपरवायझर आहे, सेकंड शिफ्ट. काचेच्या खिडकीपलीकडं ड्रायव्हर येतो, बिल सरकवतो, मी दाराचा नंबर देतो किंवा "गाडीत थांबा, फोन करतो" म्हणतो. म्हणजे दाजी ज्या शिस्तीचे गोडवे गातायत त्या शिस्तीतल्या खिडकीत मी बसतो.

तर इथं कसं चालतं. कस्टमरला दोन तास फुकट, हा कायदा नाही, रिवाज आहे. त्यानंतर डिटेन्शन लागतं, म्हणजे आपलं हॉल्टिंग, गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे, पण ते ब्रोकरकडून निघालं तर निघालं आणि ड्रायव्हरपर्यंत पोचलं तर पोचलं. बहुतेकांना मैलावर पैसे मिळतात, उभ्या गाडीचे मैल शून्य. सरकारनं ड्रायव्हरचा मिनिट न मिनिट मोजायचं ठरवलं पण माझ्या डॉकचं एकही मिनिट कोणी मोजत नाही. खुद्द यांच्याच वाहतूक खात्याच्या तपासनिसांनी 2018 ला अहवाल दिला की कस्टमरकडं 15 मिनिटं जास्त गेली की अपघाताचं प्रमाण सरासरी 6.2 टक्क्यांनी वाढतं. कारण माणूस गेलेला वेळ भरून काढतो. भिवंडीहून निघालेला पण तेच करतो आणि माझ्या दारातून निघालेला पण तेच करतो, फरक इतकाच की इथं तो साडेआठपर्यंत करतो.

आणि साडेआठ आमच्याच यार्डात वाजले तर? तर मग पर्सनल कन्व्हेअन्स, ड्रायव्हर पीसी म्हणतात. 2018 पासून सांगितलंय की कस्टमरकडं तास संपले तर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत गाडी नेता येते, ती ड्युटी धरत नाही. पण बऱ्याच कंपन्या आपल्या ड्रायव्हरला ते वापरूच देत नाहीत आणि जवळची जागा म्हणजे कुठली, संध्याकाळी सातनंतर आमच्या आसपासच्या ट्रक स्टॉपला सायकल लावायला जागा नसते. 2009 मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर साउथ कॅरोलायनात माल द्यायला वेळेच्या आधी पोचला, थांबायला जागा नाही म्हणून बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर झोपला आणि 7 डॉलरसाठी त्याला कोणीतरी गोळी घातली. 2012 ला त्याच्या नावानं पार्किंगचा कायदा झाला. आमच्या गेटवरची "नो ओव्हरनाइट पार्किंग" पाटी मात्र आहे तशी आहे.

तरी एक सांगतो, आतेभाऊ जसं म्हणतो ना की सगळं इथून तिथून सारखंच, तसंही नाही. इथं ड्रायव्हरला मालक रात्रभर चालव म्हणू शकत नाही, त्याच्या हातात ते यंत्र दाखवायला असतं. आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), चहापाणी, पोच सहीला पन्नास रुपये, हे नाही. (लंपर आहेत, माल उतरवायचे दोनअडीचशे डॉलर घेतात, पण पावती देतात.) हे लिहिताना मला माझाच राग येतोय पण लिहितो.

फेब्रुवारीतली गोष्ट आहे, बाहेर उणे पंधरा. एक रीफर, म्हणजे फ्रिजवाली गाडी आली, फ्रोजन माल, अपॉइंटमेंट तीनची, आमच्याकडं दोन फोर्कलिफ्टवाले आलेले नाहीत, दार दिलं सहाला, गाडी खाली झाली नऊ दहाला. ड्रायव्हर साठीचा सरदारजी, खिडकीशी कागद घ्यायला आला आणि माझ्या बॅजवरचं नाव वाचून हिंदीत बोलायला लागला. घड़ी ख़तम हो गई बेटा, कोने में खड़ी कर लूँ, सुबह सात बजे निकल जाऊँगा, कंपनी पीसी नहीं देती. यार्ड अर्धं रिकामं होतं. शेजारी आमच्या शिफ्टची मॅनेजर उभी होती. मी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं. सर, वी डोन्ट अलाऊ पार्किंग ऑन द प्रॉपर्टी. त्याला कळलं नसेल असं नाही, चांगलं कळलं, म्हणून तर पुढं काहीच बोलला नाही. ओके सर म्हणाला.

मला सर म्हणाला.

साडेबाराला घरी जाताना आय-55 हायवेच्या रॅम्पवर, बाजूच्या पट्टीवर, तो ट्रेलर उभा दिसला. नंबर मीच कागदावर लिहिलेला होता म्हणून ओळखला. इंजिन चालू, केबिनचे पडदे लावलेले. मी थांबलो नाही, थांबून करणार तरी काय होतो.

आण्णा वाशीला मार्केटबाहेर ट्रकच्या बॉडीखाली पोतं टाकून झोपायचे, किन्नर, म्हणजे क्लीनर, वर मालावर. दिवाळीत एकदा तीन दिवस तसेच अडकले होते, आम्ही फटाके राखून ठेवलेले. घरी आल्यावर म्हणाले, गोडाऊनवाला आपलाच आहे, कवठेमहांकाळचा, तरी आत घेतली नाही गाडी. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की घरात सगळ्यांना पाठ आहे.

तर त्या फेब्रुवारीतल्या आठवड्यातच आण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मी नेमकं काय काम करतो ते त्यांना आजवर नीट सांगितलेलं नाही, कंपनीत आहे एवढंच माहीत होतं. त्या दिवशी का कोण जाणे सांगितलं, की गाड्या खाली करून घेतो. एकदम खूश झाले. म्हणाले, मग तुझ्याकडं किती वेळ लागतो रे गाडी खाली व्हायला?

दोन तास, मी म्हटलं.

वा, म्हणाले. आणि लगेच ताईला फोन करून सांगितलं, ताईनं दाजींना.